कंपनी निघून गेल्यावरही टिकेल असे सीएसआर काम: सातारा-सांगलीच्या उद्योगांसाठी पायरीपायरीने

माण तालुक्यातील एका गावात, शाळेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या लहानशा खोलीत पिण्याचे पाणी शुद्ध करणारे एक यंत्र उभे आहे. दाराला कुलूप आहे, कुलपाला गंज चढला आहे आणि दारावरच्या निळ्या फलकावर देणगीदार कंपनीचे नाव मात्र अजून स्वच्छ वाचता येते. उद्घाटनानंतर सव्वा वर्षाने यंत्राचे मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, निकामी झाले, ते बदलण्याचे पैसे ग्रामपंचायतीने द्यायचे की बचत गटाने, यावर एकमत झाले नाही, तेवढ्यात वीजबिल थकले आणि जोडणी तोडली गेली. त्या कामाच्या पूर्णत्वाच्या अहवालावर माझी सही आहे. अहवालात खोटे काहीही नव्हते. यंत्र बसले होते, पाणी आले होते, पावत्या जुळल्या होत्या. 'हे पुढे कोण चालवणार आणि कशाच्या पैशावर' हा रकानाच आमच्या नमुन्यात नव्हता.

कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजे सीएसआर, ही कायद्याने नेमून दिलेली खर्चाची बाब आहे. शाश्वत विकास ही मात्र तो खर्च होऊन गेल्यावर पाच-दहा वर्षांनी गावात जाऊन तपासायची स्थिती आहे. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची क्षमता कमी होता कामा नये. खर्च आणि ही स्थिती यांच्यामधला सांधा म्हणजे तो वगळलेला रकाना आहे, असे मी आज मानतो, आणि तो भरायचा कसा हेच या लेखात सांगायचे आहे. सातारा, कराड, शिरवळ, लोणंद, कुपवाड, मिरज, पलूस येथील औद्योगिक वसाहतींत ज्यांच्याकडे सीएसआरचे काम लेखा विभागाच्या किंवा मनुष्यबळ विभागाच्या जोडीला सोपवलेले असते, त्यांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना व ग्रामपंचायतींना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहीत आहे.

पहिली पायरी: रक्कम किती आणि ती कशावर खर्च करता येते

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचे नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तर यातील कोणतीही एक अट पूर्ण झाली तरी कलम लागू होते. आपल्याकडच्या बहुतेक मध्यम उद्योगांना ते नफ्याच्या अटीमुळे लागू होते. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि हा नफा करपूर्व असून तो कलम १९८ नुसार काढायचा असतो. समजा, तीन वर्षांचा नफा अनुक्रमे १२, ९ आणि १५ कोटी आहे. सरासरी १२ कोटी होते आणि बंधनकारक खर्च २४ लाख रुपये येतो. हा खर्च ५० लाखांपर्यंत असेल तर स्वतंत्र सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम पाहते. प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून अधिक दाखवता येत नाही, म्हणजे या उदाहरणात तो १ लाख २० हजारांच्या आतच राहिला पाहिजे.

कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आरोग्य, सुरक्षित पिण्याचे पाणी, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा जतन, ग्रामविकास आणि आपत्ती व्यवस्थापन असे विषय दिलेले आहेत. काय चालत नाही, हे त्याहून नीट लक्षात ठेवावे लागते. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम, जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व, राजकीय पक्षाला दिलेली रक्कम आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याने कंपनीवर आधीच टाकलेले बंधन पुरे करण्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या मैदानावर कंपनीचा फलक लावण्यासाठी दिलेले पैसे हे ग्रामीण खेळांना प्रोत्साहन नव्हे, हे लेखा विभागाला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलेले बरे.

येथे आपल्या जिल्ह्यांपुरती एक गोष्ट सांगायला हवी. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेले असतात, त्यामुळे कलम १३५ त्यांना लागू होत नाही. खासगी कंपनी म्हणून नोंदलेल्या कारखान्यांना मात्र ते लागू होते. एकाच नदीकाठी, एकाच प्रकारचे उत्पादन घेणाऱ्या दोन कारखान्यांपैकी एकाला कायदा लागू आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती यामुळे निर्माण होते, आणि गावकऱ्यांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही. कायद्यात आणि नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, त्या त्या वर्षाची स्थिती कंपनी सचिवांकडून लेखी घ्यावी.

दुसरी पायरी: आधी कारखान्याच्या फाटकाच्या आत पाहणे

सीएसआरचा आराखडा गावात जाऊन सुरू होतो असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते तो कारखान्याच्या पाण्याच्या मीटरपाशी सुरू व्हायला हवा. आपण रोज किती पाणी उचलतो, किती पाणी प्रक्रिया करून पुन्हा वापरतो, सांडपाणी कोणत्या ओढ्याला मिळते आणि त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणाच्या विहिरी आहेत, हे एका पानावर लिहून काढावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालवणे हे कंपनीचे कायदेशीर बंधन आहे, ती समाजसेवा नव्हे. परवानगीच्या अटींमध्ये घातलेली वृक्षलागवडही सीएसआरमध्ये मोजता येत नाही. जी कंपनी ओढा खराब करते आणि त्याच ओढ्याकाठच्या शाळेला पाण्याची टाकी देते, तिचा खर्च कागदावर नियमात बसेल, पण त्याला विकास म्हणणे मला शक्य नाही.

बाजार भांडवलानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला असून त्यात पाण्याचा उपसा, ऊर्जा, उत्सर्जन आणि कचरा यांची आकडेवारी द्यावी लागते. आपली कंपनी त्या यादीत नसली तरी त्या नमुन्यातील पाण्याची आणि कचऱ्याची पाने उतरवून घेऊन भरावीत. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या साताऱ्या-कुपवाडच्या उद्योगांकडे ही माहिती ग्राहक स्वतःहून मागू लागले आहेत.

या भागाला हा विचार नवा नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात कुंडल स्थानकाजवळच्या माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा कारखान्याबरोबर वसाहतही उभी राहिली, कारण कामगारांना राहायला गावच नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकणारे आणि पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याशी जोडले गेलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. देणग्या त्यांनीही घेतल्या, पण वसतिगृहाचा रोजचा गाडा 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर, मुलांच्या स्वतःच्या श्रमावर आणि लोकांच्या मदतीवर चालला. देणगीदार बदलत गेले, तरी संस्था चालू राहिली. पाचव्या पायरीत याच गोष्टीकडे परत यायचे आहे.

तिसरी पायरी: गाव निवडणे आणि शिवारफेरी

कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याचा अर्थ लावताना एक अडचण येते. कारखाने बहुतांशी कृष्णा-कोयनेच्या पट्ट्यात किंवा महामार्गालगत आहेत आणि पाण्याची सर्वांत मोठी टंचाई माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्वेकडच्या तालुक्यांत आहे. पश्चिमेला पूर आणि पूर्वेला टँकर, असे एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी घडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच जिल्ह्याचा पूर्व भाग तेव्हा पाण्याची वाट पाहत होता. स्थानिक परिसर म्हणजे कारखान्याभोवतीची पाच किलोमीटरची कड, असा संकुचित अर्थ घेण्याचे कारण नाही. कामगार ज्या तालुक्यांतून येतात तो परिसरही आपलाच आहे, असे मंडळाच्या ठरावात कारणांसह नोंदवता येते.

गाव ठरवताना सरपंचांचे पत्र हा आरंभ असू शकतो, आधार असू शकत नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा मागून घ्यावा, त्यात कोणती कामे आधीच मंजूर आहेत ते पाहावे आणि मग शिवारफेरी काढावी. शिवारफेरी म्हणजे गावकऱ्यांबरोबर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायी चालणे: ओढा कोठून निघतो, जुन्या ताली (शेताचे बांध) कोठे फुटल्या आहेत, पाझर तलावात गाळ किती आहे, कोणत्या वाडीच्या विहिरी फेब्रुवारीत तळाला जातात. तिच्यात स्त्रिया असायलाच हव्यात, कारण कोणत्या हापशाचे पाणी मचूळ आहे आणि रांगेत किती वेळ जातो हे त्यांना नेमके माहीत असते. मी ज्या शिवारफेऱ्या केल्या, त्यांत सकाळी नऊ वाजता बायका येत नाहीत म्हणून तक्रार होत असे. फेरी दुपारी तीनला ठेवली तेव्हा त्या आल्या.

फेरीनंतर मागण्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतातच, त्यांच्याशी आपले वेळापत्रक जुळवले तर वेगळी सभा बोलावण्याचा खटाटोप वाचतो.

चौथी पायरी: पाण्याचा हिशेब, काम ठरवण्यापूर्वी

आपल्याकडे सीएसआरमधून सर्वाधिक मागितले जाणारे काम म्हणजे पाझर तलावाचा गाळ काढणे. हे काम चांगले आहे, दिसते आणि लवकर होते. त्यामुळेच त्याचा हिशेब जवळून पाहायला हवा.

एक घनमीटर गाळ काढला की एक हजार लिटर साठा वाढतो. समजा, आपण १०,००० घनमीटर गाळ काढला. तलाव एकदा भरला की १ कोटी लिटर पाणी जास्तीचे साठले, असे फलकावर लिहिता येते, आणि ते खरेही आहे. यातले निम्मे बाष्पीभवनात आणि इकडेतिकडे गेले असे धरू. उरलेल्या ५,००० घनमीटर पाण्याचे गाव काय करणार, हा खरा प्रश्न आहे. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी वर्षाला साधारण २०,००० घनमीटर पाणी लागते. म्हणजे आपल्या सगळ्या खर्चातून वाढलेले पाणी २५ गुंठे उसाला पुरते. तेच पाणी रब्बी ज्वारीला पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन संरक्षित पाण्यांसाठी वापरले, तर हेक्टरी १,००० घनमीटर या हिशेबाने ५ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेबारा एकर ज्वारी हाती लागते. तलाव तोच, पैसे तेच, फलकही तोच. एका पद्धतीत तलावाच्या भिंतीखाली ज्याची विहीर आणि मोठी मोटर आहे अशा एका कुटुंबाचा ऊस वाढतो, दुसरीत दहा-बारा कुटुंबांचे धान्य आणि कडबा घरात येतो.

म्हणून गाळ काढण्याच्या मशिनला डिझेल देण्याआधी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि पीकपद्धतीचा ठराव घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे अशक्य नाही, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी १९८०च्या दशकातील चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभे केले, त्यासाठी नदीतील वाळू विकून पैसा जमवला आणि पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात न करता कुटुंबांना समान हक्काने करण्याचे तत्त्व स्वीकारले, उसाला त्या पाण्यात जागा ठेवली नाही. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ साली जलसंधारणाच्या राज्यस्तरीय स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तो श्रमदानाच्या बळावर. जिथे लोकांचे हात आधी लागले, तिथे पुढे त्या कामाची राखणही लोकांनीच केली.

गाळकामाच्या तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. ज्या ओढ्यावर तलाव आहे त्याच्या वरच्या अंगाला समतल चर, ताली आणि दगडी बांध यांची कामे आधी झाली नसतील, तर दोन-तीन पावसाळ्यांत गाळ परत येतो. गाळ संपून मुरूम लागला की खोदाई थांबवावी. शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतील मूळ पद्धत सीएसआरलाही लागू पडते: यंत्राचा खर्च बाहेरून, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. ट्रॅक्टरच्या खेपांची वही रोज लिहावी, तिच्यात कोणाच्या शेतात किती खेपा गेल्या हे असावे आणि ती रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. गाळ सगळा रस्त्यालगतच्या दोन-चार मोठ्या शेतांत गेल्याची कुजबूज एकदा सुरू झाली की पुढचे कोणतेही काम नीट होत नाही.

पाचवी पायरी: हे पुढे कोण चालवणार

पाणी शुद्धीकरण यंत्रापासूनच सुरुवात करू. पहिला प्रश्न असा की यंत्राची गरज आहे का? पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. आधी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. दोष फक्त जंतूंचा असेल तर टाकीत नियमित क्लोरीन घालण्याची व्यवस्था पुरते, आणि ती कितीतरी स्वस्त पडते. क्षार किंवा नायट्रेट खरोखरच जास्त असतील तरच क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचा विचार करावा, आणि त्यातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी कोठे जाणार ते नकाशावर दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

दुसरा प्रश्न वर्षभराच्या जमाखर्चाचा. समजा, गावात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात रोज वीस लिटरचे १२० जार जातात आणि जारला ५ रुपये घेतले जातात. महिन्याला १८,००० रुपये जमा होतात. चालकाचे मानधन ७,०००, वीज ३,५००, फिल्टर आणि रसायने २,५००, असा १३,००० खर्च धरला तर ५,००० उरतात. एवढ्यावर प्रकल्प स्वयंपूर्ण आहे असे लिहून आम्ही मोकळे झालो होतो. पावसाळ्यात लोक घरच्या पाण्यावर भागवतात आणि जार ७० वर येतात, हे आम्ही धरले नव्हते. त्या चार महिन्यांत जमा १०,५०० आणि खर्च तोच, म्हणजे दरमहा अडीच हजारांची तूट. वर्षाचा हिशेब केला तर आठ महिन्यांचे ४०,००० आणि चार महिन्यांची तूट १०,०००, असे ३०,००० उरतात. हेच पैसे मेंब्रेन आणि पंपासाठी वेगळ्या खात्यात पडून राहिले तर यंत्र चालते. उन्हाळ्यात शिल्लक दिसते म्हणून ते दुसऱ्या कामाला वापरले तर पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला कुलूप लागते.

यावरून पुढील व्यवस्था मी प्रत्येक कामात आग्रहाने धरतो. मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार हे कामापूर्वी ठरावे. नियमांप्रमाणे सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटाकडे किंवा समूहाकडे, अथवा सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेकडे जावी लागते. चालवणारे आणि मालक वेगवेगळे असतील, उदाहरणार्थ खोली ग्रामपंचायतीची आणि यंत्र चालवणारा महिला बचत गट, तर दोघांमधला करार लेखी हवा आणि त्यात 'तीन हजारांपर्यंतची दुरुस्ती गटाची, त्यावरील राखीव खात्यातून, खात्यावर दोघांची सही' इतकी नेमकी वाक्ये हवीत. वीजजोडणी कोणाच्या नावावर, बिलाची तारीख कोणती, बिघाड झाल्यावर फोन कोणाला, हे खोलीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावे. कंपनीच्या नावाच्या फलकापेक्षा गावाला त्या मजकुराचा उपयोग जास्त होतो. सौर दिव्यांना बॅटरी लागते, शाळेतील प्रोजेक्टरला दिवा आणि शिक्षकांचा सराव लागतो, स्वच्छतागृहाला पाणी आणि झाडणारी व्यक्ती लागते. वस्तू बदलते, प्रश्न तोच राहतो.

सहावी पायरी: मार्चअखेर आणि मृग नक्षत्र यांचा मेळ

कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते, शेतीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबरात निधी मंजूर होतो, तेव्हा शिवारात ज्वारी उभी असते आणि मशिन आत नेता येत नाही. काढणी होईपर्यंत मार्च उजाडतो आणि ओढ्याची, तलावाची खरी कामे एप्रिल-मेमध्येच होतात. मग मार्चअखेरीच्या भीतीने घाईघाईत वह्या, दप्तरे, खुर्च्या आणि पंखे घेऊन खर्च भरून काढला जातो.

या घाईची गरज नाही, कारण कायद्यातच सोय आहे. मंडळाने एखाद्या कामाला 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी दिली तर तो सुरू झालेले वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालवता येतो. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेली रक्कम ३० दिवसांत स्वतंत्र 'अखर्चित सीएसआर खात्यात' ठेवावी लागते आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. चालू प्रकल्प नसलेल्या कामाची शिल्लक मात्र वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सातव्या अनुसूचीत नमूद केलेल्या निधीकडे वळवावी लागते. ही मुदत चुकली तर कंपनीला वळवायच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढा दंड होतो.

माझा सल्ला असा की पाणलोटाचे काम पहिल्यापासूनच तीन वर्षांचे म्हणून मंजूर करून घ्यावे: पहिल्या वर्षी शिवारफेरी, पाणी तपासणी आणि माथ्यावरची कामे, दुसऱ्या वर्षी ओढा आणि तलाव, तिसऱ्या वर्षी देखभाल गटाचे प्रशिक्षण आणि हस्तांतरण. पूरग्रस्त गावांसाठीही हेच. ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरल्यावर पाठवलेल्या मदतीच्या पाकिटांपेक्षा मे महिन्यात दिलेली जीवरक्षक जाकिटे, बोटीची दुरुस्ती आणि शाळेच्या वरच्या मजल्यावर केलेली धान्य व औषधांची सोय अधिक जीव वाचवते.

सातवी पायरी: सोबतची संस्था

स्वयंसेवी संस्थेमार्फत काम करायचे असेल तर ती कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत संस्था असावी, तिच्याकडे आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या असाव्यात, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा आणि १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक असलेला, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक असावा. कागदपत्रे तपासून झाल्यावर त्या संस्थेने पाच वर्षांपूर्वी पूर्ण केलेल्या एका गावात तिला न कळवता जाऊन यावे. नवे काम सगळेच चांगले दाखवतात.

आठवी पायरी: मोजणे

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये २०३० पर्यंतची आहेत. सीएसआर अहवालात या उद्दिष्टांची रंगीत चौकोनी चिन्हे छापण्याची प्रथा पडली आहे. एका तलावाच्या कामाला गरिबी, भूक, आरोग्य, पाणी, हवामान अशी सहा-सात चिन्हे लावलेली मी पाहिली आहेत. त्याऐवजी एकच लक्ष्य घ्यावे आणि त्याचा माग काढावा. गाळकामासाठी ते पाणी वापराच्या कार्यक्षमतेचे ६.४ असेल, गावाच्या पाणी समितीसाठी स्थानिक सहभागाचे ६.ख असेल. चिन्हे कमी झाली म्हणून मंडळातील कोणी नाराज झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मोजायचे काय, तर काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती आणि नंतरची. पाच विहिरी निवडाव्यात, दोन तलावाजवळच्या, दोन दूरच्या आणि एक शेजारच्या अशा गावातली जिथे काम झालेले नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, आपणही त्याच महिन्यांत मोजावी म्हणजे तुलना करता येते. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दर मीटरला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन बांधले की आठवीतली मुलगीही हे मोजते, आणि शाळेच्या वहीत लिहिलेली ती नोंद कंपनीच्या सादरीकरणापेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते. जोडीला टँकर कोणत्या तारखेला सुरू झाला, रब्बीचे क्षेत्र किती होते, आणि पाणी आणायला घरातल्या बाईचा किती वेळ गेला, या तीन नोंदी दरवर्षी घ्याव्यात. पाऊस जास्त झालेल्या वर्षी सगळे आकडे सुधारतात, म्हणून पावसाची नोंद शेजारी लिहावी आणि श्रेय तेवढेच घ्यावे.

सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक सीएसआर बंधन असलेल्या कंपन्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे स्वतंत्र परिणाम मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि ते काम पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचे असते. २४ लाखांच्या कंपनीला हे बंधन नाही. तरीही तिने दुसऱ्या तालुक्यातील एखाद्या कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून तपासणी करून घ्यावी आणि जे चुकले ते अहवालात तसेच लिहावे.

नववी पायरी: हस्तांतरण

हस्तांतरण हा फीत कापण्याचा कार्यक्रम नसतो, ते तीन टप्प्यांत व्हावे. पहिल्या टप्प्यात गट यंत्र चालवतो किंवा पाणी वाटतो आणि कंपनीचा प्रतिनिधी दर आठवड्याला येतो. दुसऱ्या टप्प्यात तो महिन्याने येतो आणि फक्त वही पाहतो. तिसऱ्या टप्प्यात एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा गावाने एकट्याने काढायचा असतो, आणि त्या काळात निदान एक दुरुस्ती राखीव खात्यातून झालेली असायला हवी. ती दुरुस्ती झाली, तिची पावती वहीला लावली गेली आणि खात्यावर पुन्हा पैसे जमा होऊ लागले, की मालमत्तेचे कागद, चाव्या, यंत्राची माहितीपुस्तिका, सुटे भाग मिळण्याच्या दुकानाचा पत्ता आणि विहिरींच्या नोंदींची वही ग्रामसभेत सर्वांसमोर सोपवावी, तसा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत कंपनीच्या धारिकेत लावावी. पूर्णत्वाच्या अहवालावर मी आता त्या ठरावाची प्रत हाती आल्यावरच सही करतो.